बिननावाची गाडी

नथ्थूजी माझ्या दुकानाची पायरी चढले की गिऱ्हाइकं आपोआप बाजूला सरकायची. साड्या उलगडून बसलेल्या बाया पदर सावरायच्या आणि एकमेकींना हळूच विचारायच्या, कोण गेलं? कारण नथ्थूजींनी स्वतःसाठी माझ्याकडून कधी सदऱ्याचं कापड घेतल्याचं मला आठवत नाही. ते यायचे ते पांढऱ्या कोऱ्या मांजरपाटासाठी, आणि ते कशासाठी लागतं हे रिसोडच्या बाजारात कुणाला सांगावं लागत नाही.

आमचं कापडाचं दुकान तीन पिढ्यांचं. गल्ल्यावर पहिल्यांदा बसवताना वडिलांनी मला या कापडापुरते दोन नियम सांगितले होते. एक, याचा भाव करायचा नाही. दुसरा, हे घेऊन जाणाऱ्याला ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. पहिला नियम सोपा होता. दुसरा मी पहिल्याच महिन्यात मोडला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘या पुन्हा.’ समोर नथ्थूजी होते. ते पायरीवर थांबले, वळले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, “येतोच ना शेठ. न येऊन सांगतो कोनाले?”

गावाला लागूनच त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, भेंडी, गवार आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. पहाटे तोडा करायचा, सकाळी बाजारात बसायचं, एवढाच त्यांचा व्यवसाय. पण गावात कुणी गेल्याचं कळलं की हातातला विळा तिथंच टाकून ते निघायचे. जात विचारली नाही, ओळख विचारली नाही. विहिरीच्या कडेला बांबूचं एक बेट होतं, त्यातले दोन बांबू तोडायचे, सुतळी खिशात असायचीच. तिरडीची गाठ कशी मारायची हे आता घरोघर कुणाला येत नाही. आमच्या पिढीनं शिकून घेतलं नाही आणि पुढच्या पिढीला वाटतं हे सामान कुठंतरी तयार मिळत असेल. नथ्थूजींची गाठ मात्र ओढली की बसायची. उजव्या खांद्यावर त्यांना लिंबाएवढा घट्टा पडला होता. तो घट्टा ते सदऱ्याखाली झाकून ठेवायचे, एखादं व्यंग असावं तसं.

मयताच्या घरी ते चहा घेत नसत. स्मशानातून परस्पर वाडीवर जायचे, विहिरीवर अंघोळ करायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आणि कुणाकुणाला खांदा दिला हे त्यांच्या तोंडून कधीच निघत नसे. आपण विषय काढला तर ते वांग्यावरच्या किडीचा विषय काढायचे.

एका गोष्टीवर मात्र ते भडकत. पुण्याहून आलेल्या एका मुलानं अंगणात उभ्याउभ्या फोनवर कुणाला तरी सांगितलं, “अजून अर्धा तास लागेल, बॉडी तयार होतेय.” नथ्थूजी गाठ मारत होते. त्यांनी सुतळी सोडून दिली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मुलाला कळेना. “बाप्पा, तुह्या मायचं नाव काय व्हतं?” त्यांनी विचारलं. मुलगा म्हणाला, गंगाबाई. “मंग थेच म्हन. जाळेपर्यंत थे गंगाबाईच हाये.” मुलानं पुन्हा फोन लावला आणि खाली मान घालून सांगितलं की गंगाबाईला न्यायला अर्धा तास लागेल. मग सुतळी परत हातात आली.

एकदा एसटी स्टँडवर एक अनोळखी म्हातारा गेला. पोलिसांचे सोपस्कार झाले, वारस काही सापडला नाही, आणि नगरपरिषदेनं नेहमीप्रमाणे नथ्थूजींना निरोप पाठवला. नथ्थूजी आले, पण उचलायला तयार होईनात. नाव कळल्याशिवाय न्यायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. स्टँडवरच्या एकेका फेरीवाल्याला, रिक्षावाल्याला, जीपवाल्याला त्यांनी विचारलं. दुपार कलली. शेवटी चहाच्या टपरीवरची बाई म्हणाली, एकदा कपाच्या पैशावरून भांडला होता तेव्हा म्हणत होता, या आनंदाले फसवू नका. तेवढं त्यांना पुरलं. त्या दिवशी माझ्याकडून कापड नेताना त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, “आनंदाजीसाठी.” जिवंतपणी त्या माणसाला कुणी ‘जी’ लावलं असेल का, कोण जाणे.

आमच्या व्यापारी मंडळानं त्यांचा सत्कार केला तेव्हा मी मंडळाचा सचिव होतो. अध्यक्षांनी भाषणात असंख्य, अगणित असे शब्द वापरले. नथ्थूजींना बोलायला सांगितलं तर म्हणाले, “म्या मोजले नाई, तुमी कायले मोजता?” आणि खाली बसले. शाल भारी होती, मीच निवडून आणली होती. चौथ्या दिवशी ती शाल मला एका तिरडीवर दिसली. म्हाताऱ्याच्या अंगावर घालायला घरात धडकं पांघरूण नव्हतं, म्हणून यांनी ती घालून टाकली. अध्यक्ष महिनाभर फुगून होते. मला आतून बरं वाटलं, पण सचिव असल्यामुळं मीही थोडं फुगून दाखवलं.

हे सगळं ठीक चाललं होतं, पण गाव वाढत गेलं. जिथं सोयाबीन उभं असायचं तिथं घरांच्या प्लॉटांचे ले-आउट पडले. स्मशान मात्र जिथल्या तिथं, नाल्याच्या पल्याड. गावाच्या त्या टोकाच्या घरातून निघालं तर सहज तासभर चाल. आणि खांदे कमी झाले. तरुण पोरं पुण्याला, मागे राहिलेले आम्ही, गुडघे धरून चालणारे. एका उन्हाळ्यात मी स्वतः पाहिलं, चार माणसांत दोन पासष्टीचे, एक दम्याचा आणि चौथे नथ्थूजी. रस्त्यात तीनदा टेकवावं लागलं. संध्याकाळी नथ्थूजी दुकानात आले आणि पहिल्यांदाच गादीवर टेकले. म्हणाले, “शेठ, गाडी पाह्यजे. तुमी मोठ्या लोकाईत उठता-बसता. कोनाले तरी मागा.”

आयुष्यात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मीही पेटलो. बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीचा वितरक माझ्या ओळखीचा होता. कंपन्यांना नफ्यातला काही वाटा समाजकार्यात घालावा लागतो, त्याला सीएसआर म्हणतात, हे मला त्यानं समजावलं. मग कंपनीचा एक अधिकारी आला. अभिजित त्याचं नाव, तिशीचा, बोलायला गोड, आल्या आल्या माझ्या पाया पडला. काका, सहज होईल म्हणाला. आणि खरंच झालं. गाडी मंजूर, वर्षभराचं डिझेल मंजूर, ड्रायव्हर मंजूर. मी बाजारात अशा थाटात फिरू लागलो की जणू गाडी माझ्याच खिशातून येत होती.

फेब्रुवारीत गाडी आली. आम्ही हार-नारळ घेऊन उभे होतो, आणि गाडी बघून आमची तोंडं उघडीच राहिली. दोन्ही बाजूंना हिरवंगार सोयाबीन, त्यात अंगठा वर करून हसणारा शेतकरी, त्याच्या डोक्यावर हातभर अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली ‘भरघोस पिकाचा सोबती’. स्वर्गरथ हा शब्द समोरच्या काचेवर होता, पण तो शोधावा लागत होता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, याच्यात निजलं का पीक येते काय बाप्पा? सगळे हसले. मीही हसलो, आणि लगेच अभिजितनं ऐकलं तर नाही ना म्हणून त्याच्याकडं पाहिलं.

नथ्थूजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, आता हे काही ठेवत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, हे पुसता येईल का? अभिजितनं नम्रपणे सांगितलं की देणाऱ्याचं नाव दिसलंच पाहिजे, वरचा नियम आहे. नथ्थूजींनी बोटानं ती अक्षरं चाचपली. मग म्हणाले, “राहू द्या. आत निजनाऱ्याले बाहेरचं काय दिसते.” माणूस हट्टी होता, पण आडमुठा नव्हता. गाडीची गरज त्यांच्या खांद्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

त्यानंतर अभिजितनं एक फाईल दिली. प्रत्येक वेळी एक फॉर्म भरायचा. नथ्थूजी चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचू लागले. लाभार्थ्याचे नाव. वय. मोबाईल नंबर. सही किंवा अंगठा. सेवेबद्दल लाभार्थ्याचा अभिप्राय. त्यांनी वर पाहिलं आणि लाभार्थी म्हणजे नेमकं कोण, असं विचारलं. अभिजितचे कान लाल झाले. शाळेची दप्तरं वाटायची असोत की चष्मे, फॉर्म सगळ्याला तोच असतो म्हणाला, नातेवाइकांचं लिहिलं तरी चालेल. आणि हो, पहिल्या सेवेचे फोटो मार्च संपायच्या आत वर गेले पाहिजेत, बॅनरसकट, नाहीतर पुढचं डिझेल अडकेल.

आणि मग त्या मार्चमध्ये गावात कुणी जाईचना. अभिजितचा दिवसाआड फोन, “काका, काही झालं का?” आधी मला त्याचं हसू यायचं. मग तोच प्रश्न मला पडू लागला. एका सकाळी मी ओळखीच्या कंपाउंडरला विचारलं, तुमच्याकडं ते अमके आजोबा भरती आहेत, त्यांचं कसं काय? तो म्हणाला, सुधारतायत. आणि माझ्या तोंडातून निघालं, अच्छा, म्हणजे या महिन्यात नाही. बोललो आणि मलाच माझी शिसारी आली. लहानपणापासून मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालायला शिकलेला मी माणूस, आणि मी मरणाची वाट बघत होतो. नथ्थूजींना हे सांगितलं, सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ते एवढंच म्हणाले, घरी जा शेठ, जेवा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यमुनाबाई गेल्या. शाळेत खिचडी शिजवायच्या, अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालेली. मी अभिजितला फोन केला. होय, मीच केला. तो वाशिमला होता, तासाभरात फोटोवाल्याला घेऊन पोचला. तोवर नथ्थूजींची तिरडी बांधून झाली होती. यमुनाबाईंना गाडीत ठेवलंही होतं. मुलगा संतोष, सून कमल, दोन जावई, शेजारपाजार, सगळे निघायच्या तयारीत.

फोटोवाला म्हणाला, ऊन समोरून येतंय आणि बॅनर राहिलाच. जरा खाली घ्या आणि पुन्हा चढवा. दोनच मिनिटं. कमलला म्हणाला, ताई, पदर थोडा मागं घ्या, चेहरा येत नाहीये.

आता यात खरी लाज कुठली ते सांगतो. फोटोवाल्याची नव्हे, त्याला त्याचं काम. संतोष म्हणाला, “बरं साहेब.” जन्मभर ज्यानं त्यानं सांगितलेलं ऐकत आलेला माणूस, त्याचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यानं आपल्या आईची तिरडी बाहेर ओढायला सुरुवात केली. जावयांनी हात लावला. कमलनं पदर मागं घेतला. आणि बॅनरचं एक टोक धरून कोण उभं होतं? मी.

नथ्थूजी मडकं घेऊन मागं होते. ते पुढं आले. त्यांनी आवाज चढवला नाही. मडकं खाली ठेवलं, तिरडीवर हात ठेवला आणि म्हणाले, “संतोष, थांब.” मग अभिजितकडं वळले. “साहेब, इतक्या वर्सात म्या कोनाले दारातून दोनदा काढलं नाई. यमुनाबाई एकदाच जाते.”

अभिजित वाईट माणूस नव्हता. तो खरंच कळवळून सांगू लागला की काका, हे माझ्यासाठी नाही. फोटो गेले नाहीत तर डिझेल बंद, ड्रायव्हर बंद, गावाचंच नुकसान. नथ्थूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खरं हाये तुमचं. गावाचं नुकसान म्या पाहून घेईन. पन दान देल्यावर मेलेल्या बाईनं तुमच्यासाठी उभं राहावं, हे कोनतं दान हाये?” अभिजितनं निदान फॉर्म तरी भरा म्हणून विनवलं. नथ्थूजींनी सदऱ्याला हात पुसला, पेन घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सावकाश लिहिलं. लाभार्थ्याचे नाव या ओळीत त्यांनी कंपनीचं नाव लिहिलं. अभिप्राय या ओळीत लिहिलं, गाडी चांगली होती. मोबाईल नंबरची जागा रिकामी सोडली.

मग ते माझ्याकडं आले. मी अजून ते टोक धरूनच उभा होतो, सोडायचं भान नव्हतं. “शेठ,” ते म्हणाले, “हा कपडा धरता का खांदा देता?”

मी खांदा दिला. नात्याबाहेरच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा. गाडी तिथंच उभी राहिली, आम्ही पाऊण तास चाललो. बांबू हाडावर कसा घासतो हे तेव्हा कळलं, आणि तो लिंबाएवढा घट्टा त्यांनी कशानं कमावला हेही.

एप्रिलात कंपनी गाडी घेऊन गेली. भांडण नाही, तंटा नाही. अभिजित किल्ली न्यायला आला तेव्हा पुन्हा पाया पडला. भांडण झालं ते गावात. मंडळाच्या बैठकीत सगळे नथ्थूजींवर तुटून पडले. एका फोटोनं काय बिघडत होतं? फुकटात मिळालेली गाडी घालवणारे हे कोण? मी उठून बोलायला हवं होतं. बोललो, पण फार हळू.

मे महिन्यात त्याची झळ बसली. ले-आउटमधल्या एका मास्तरांचे वडील गेले. भर दुपार, माणसं मोजकी. अर्ध्या वाटेत एकाला भोवळ आली आणि म्हाताऱ्याला तापलेल्या डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवावं लागलं. मास्तरांचा तोल गेला. सगळ्यांसमोर ते नथ्थूजींना म्हणाले, “तुमच्या मानापायी माह्या बापाले रस्त्यावर निजवा लागलं.” नथ्थूजींनी मान खाली घातली. बरोबर आहे तुमचं, एवढंच म्हणाले, आणि बांबूखाली खांदा घातला.

तिसऱ्या दिवशी नथ्थूजींचा मुलगा गजानन माझ्याकडं आला, चेहरा उतरलेला. गजाननकडं भाजीचा टेम्पो होता. वाडीतला आणि आसपासच्या दोन-चार वाड्यांतला माल तो बाजारात आणायचा, रिसोडला आणि कधी वाशिमलाही. त्या टेम्पोवर त्याचं घर चालायचं. बापानं हुकूम सोडला होता की आजपासून मयत टेम्पोतून जाईल. “शेठ, तुमी समजवा बुढ्याले. ज्या गाडीत मढं गेलं त्या गाडीतले वांगे कोन घेईन?”

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आमच्याकडं अंत्ययात्रेला जाऊन आलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नाही, आणि इथं खाण्याच्या गोष्टीचा प्रश्न. मी वाडीवर गेलो. नथ्थूजी गवारीच्या शेंगा तोडत होते. मी सगळं सांगितलं. मधला मार्गही सुचवला. टेम्पो न्यायचा तर न्या, पण गुपचूप, वर ताडपत्री टाकून, गावाबाहेरच्या वाटेनं. भाजीच्या गिऱ्हाइकाला कळायचं कारण काय?

“चोरून?” नथ्थूजींच्या हातातली शेंग तशीच राहिली. “गेलेल्या मानसाले चोरून नेऊ? अन् जिवंत मानसाले चोरून वांगे खाऊ घालू? शेठ, तुमी कापड इकता का फसवता?” मग ते थोडे नरमले. म्हणाले, त्या दिवशी गावाचं नुकसान मी पाहून घेईन असं म्हटलं होतं. घरातली गाडी न काढता कसं पाहणार होतो? गजानन तिथंच उभा होता. त्यानं ऐकलं, टेम्पोची किल्ली बापाच्या हातात न देता स्वतःच्याच खिशात टाकली आणि म्हणाला, चालवीन मीच, तुम्हाला गिअर टाकता येत नाही.

पहिली फेरी आठवड्याभरात झाली. भर बाजारातून, उघड्या टेम्पोतून. परत आल्यावर टेम्पो धुतला तोही रस्त्याच्या कडेला, नळी लावून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मंडळानं पेंटर पाठवायची तयारी दाखवली, निदान ‘नथ्थूजींची मोफत सेवा’ एवढं तरी मागं लिहू द्या म्हणून. ते नको म्हणाले. नाव लिहिलं की ते वाचायला लोक लागतात, आणि मला लोक मोकळे हवेत, खांद्यासाठी.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. टेम्पो नेहमीच्या जागी, माझ्या दुकानासमोर, लागला. फळी पाडली, त्यावर वांग्यांचा ढीग, भेंडी, गवार, सांबाराच्या जुड्या. एकही गिऱ्हाईक आलं नाही. बाया यायच्या, टेम्पो दिसला की पलीकडच्या दुकानाकडं वळायच्या. ज्यांच्या घरी नथ्थूजींनी खांदा दिला होता अशाही वळल्या, मी नावानं सांगू शकतो. दुपारपर्यंत सांबार मान टाकून बसला.

गजाननचा धीर सुटला. मला ऐकू यावं एवढ्या आवाजात तो बापाला म्हणाला, “या बाजारात असं एक घर दाखवा जिथं तुमी गेले नाई. नुस्तं नाव घेऊन हाक मारा. तुमची माय म्या नेली व्हती म्हना. लाज वाटून घेतीन. एकदाच म्हना बाबा, माह्या लेकरायसाठी.”

मी कापडाचा गठ्ठा हातात धरून ऐकत होतो. मनातून मलाही वाटत होतं, म्हणा एकदाचं. नथ्थूजींच्या डोळ्यात पाणी आलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. त्यांनी गजाननच्या पाठीवर हात ठेवला. “तसं म्हनाचं असतं,” ते म्हणाले, “तर त्या साहेबाची गाडी काय वाईट व्हती?”

संध्याकाळी सगळा माल गुरांना घातला. पुढच्या बाजारालाही जवळपास तेच. त्यांच्या घरात त्या दिवसांत किती ओढाताण झाली असेल ते सांगण्याची सोय नाही, कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. मी घरासाठी टेम्पोवरून मेथी, भेंडी घ्यायचो, पण एका घराच्या भाजीनं टेम्पो चालत नाही, आणि नथ्थूजींना त्यातली दया लगेच कळायची. मला ते मुद्दाम जून भेंडी द्यायचे.

तिसऱ्या बाजाराला कमल आली. यमुनाबाईंची सून. सरळ फळीशी उभी राहिली आणि वांगी उलटीपालटी करून बघू लागली. मग भावावरून तिनं गजाननशी असं कडाक्याचं भांडण मांडलं की आजूबाजूच्या बाया थांबल्या. वांगी किडकी आहेत म्हणाली, काटा मारतोस म्हणाली, एक जुडी सांबार वर घेतल्याशिवाय हलली नाही. एक शब्द उपकाराचा नाही, एक शब्द सासूचा नाही. नथ्थूजी इतके खुशीत आले की त्यांनीही तिच्याशी दोन वाक्यं भांडून घेतली. ती गेल्यावर आणखी एक आली. मग दोघी. फळीसमोर गर्दी म्हणावी अशी नव्हती, पण माणसं होती.

तेवढ्यात निरोप आला. जऊळक्याच्या रस्त्याला लागून नवी वस्ती आहे, तिथं एक म्हातारी गेली होती. गजाननचा चेहरा कसानुसा झाला. आत्ताच गिऱ्हाईक जमायला लागलेलं. नथ्थूजींनी म्हातारीचं नाव विचारून घेतलं. मग भर बाजारात, त्या बायांच्या देखत, जमिनीवर पोती अंथरली, टेम्पोतला सगळा माल त्यावर उतरवला आणि फळी वर केली. लपवलं काहीच नाही. कुणी विचारलं तर सांगितलं, सरूबाईले न्यायले चाललो. गजानन स्टिअरिंगवर बसला. नथ्थूजी मागं लोखंडी दांडा धरून उभे राहिले आणि टेम्पो बाजारातून हळूहळू निघाला. सदऱ्याखालचा तो खांदा थोडा तिरका, नजर समोर. माझ्या डोळ्यांपुढं राहिलेलं त्यांचं शेवटचं रूप हेच. पुढच्याच आठवड्यात मी मुलीकडं इंदूरला गेलो, दोन महिने अडकलो, आणि त्या दोन महिन्यांत नथ्थूजी गेले. मला खांदा देता आला नाही, याचं दुःख मला मरेपर्यंत राहील.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. टेम्पो गेला आणि भाजीचे ढीग पोत्यांवर उघडे पडले. सांभाळायला जवळ कुणी नाही. मी गल्ला बंद केला, पायऱ्या उतरलो आणि पोत्याच्या मागं मांडी घालून बसलो. मीटरनं मापणारा माणूस मी, तराजू आधी उलटाच धरला. पलीकडचे दुकानदार हसत होते, हसू देत.

एक बाई आली. वांग्यांच्या ढिगावर वाकली, एक उचलून दाबून पाहिलं. टेम्पो गेला त्या दिशेला तिनं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं.

“शेठ, हे त्याच गाडीतले ना?”

माझ्या मनात क्षणभर आलं की नाही म्हणावं. मग म्हणालो, “होय, त्याच गाडीतले.”

तिनं पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं. “मंग दोन किलो टाका.”